हजेरीत शेवटी कात्रज

माझ्या बायकोला सहासष्टाव्या वर्षी पुण्यातली काही माणसं 'यंग लेडी' म्हणतात. त्या काही माणसांत मी नाही. हौशी रेडिओवाल्यांची ती रीत आहे. पुरुषाला मिसरूड फुटलेलं नसलं तरी तो 'ओल्ड मॅन', आणि बाईच्या गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या तरी ती 'यंग लेडी'. यात तर्क शोधू नये. मी लग्न झाल्यापासून शोधलेला नाही, म्हणून संसार टिकला.

तिचं नाव मंदाकिनी रणपिसे. आम्ही धायरीत राहतो, चौथ्या मजल्यावर. गच्चीवर तिची अँटेना आहे, आणि त्या अँटेनाने इमारतीत काय काय घडतं ते ऐकायचं असेल तर सोसायटीच्या मीटिंगला या. कबुतरं वाढली ती अँटेनामुळे, लिफ्ट अडकते ती अँटेनामुळे, वरच्या जोशीबाईंची झोप उडाली तीही अँटेनामुळे. मी महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी केली. लोकांच्या शिव्या शांतपणे ऐकण्याचं शिक्षण तिथेच झालं, ते इथे कामाला आलं.

मंदा खडकीची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार. घरात बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, आणि मुलींनी शिकायचंच असा वडिलांचा दंडक. ती शिकली आणि टेलिफोन खात्यात लागली. ट्रंक कॉल जोडायचं काम. कानाला हेडफोन, समोर भोकांची फळी, आणि दिवसभर अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावायचं. तिचा आवाज त्या वेळी इतका स्वच्छ होता की लोक कॉल लागल्यावरही क्षणभर तिच्याशीच बोलत. पुढे एसटीडी आलं, लोक स्वतःच नंबर फिरवायला लागले आणि फळीपुढच्या बायका रिकाम्या बसल्या. कोणी स्वेटर विणायला घेतला, कोणी भाजी निवडायला. मंदाला कोणीतरी सांगितलं की हौशी रेडिओचा परवाना मिळतो, परीक्षा असते, सदाशिव पेठेत गोवंडे म्हणून एक गृहस्थ मोर्स, म्हणजे तारखात्याची कडकट्ट, शिकवतात. ही गेली.

बाळ गोवंडे म्हणजे जुन्या पेठेतला अस्सल नमुना. अभियांत्रिकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. पहिल्या दिवशी हिला म्हणाले, "बाई, उशीर झाल्यास क्षमा मागू नये. घरी जावं." दुसऱ्या दिवशी ही वेळेच्या आधी जाऊन जिन्यात बसली. त्यांची बायको कुसुमताई हिला आत बोलावून चहा द्यायची, तो सरांना खपायचा नाही, कारण चहाने लक्ष विचलित होतं. पण शिकवलं त्यांनी मन लावून. टिंब आणि रेघ, टिंब आणि रेघ, पितळी पट्टीवर बोट दाबून. ही परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली. तिला तीन अक्षरांचं नाव मिळालं, एमडीआर. पूर्ण कॉलसाइन मोठी असते, पण आपसात शेवटची तीन अक्षरं पुरतात.

मी एकदा तिला विचारलं होतं, काय सापडलं तुला या खरखरीत? ती म्हणाली, "हवेत आडनाव नसतं हो." मला जे समजायचं ते समजलं. आडनाव ऐकून समोरचा गप्प झाल्याचा अनुभव आम्हा दोघांनाही आहे. त्यानंतर मी अँटेनाविरुद्ध एक शब्द काढला नाही.

या हौशी लोकांची देशभराची एक संस्था आहे. संस्थेचं करण्यासारखं पुष्कळ असतं. परीक्षेचे वर्ग घ्यायचे, दूरदेशी कोणाशी संपर्क झाला की त्याची पुरावा म्हणून आलेली कार्डं सभासदांना पोचवायची, स्पर्धा लावायच्या, पुराच्या वर्षी तारा तुटल्या की निरोप पोचवायचे. वर्षातून एकदा मोठं संमेलन भरतं, तिथे भाषणं कमी आणि जेवणाच्या रांगेत वायरींवर चर्चा जास्त. आणि पुण्याच्या शाखेचं रोजचं व्रत म्हणजे सकाळी सातचं 'नेट'. इंटरनेट नव्हे. एकाने सगळ्यांना नावाने पुकारायचं, प्रत्येकाने आपण आहोत असं सांगायचं, हवामान, तब्येत, कोणाला काही हवं-नको. थोडक्यात शाळेची हजेरी. फायदा काय? तर उद्या भूकंप झाला, सगळे फोन बंद पडले, तर कोण ऐकतंय आणि कोण नाही हे ठाऊक असावं. भूकंप काही होईना, पण हजेरी मंदा घेत राहिली.

किती वर्षं, ते मी मोजलेलं नाही. दिवाळीत, मुलीच्या लग्नाच्या सकाळी, माझ्या आईच्या मयतीनंतरच्या सकाळीही. आधी पुण्याच्या चारी बाजूंनी लोक उत्तर द्यायचे, मग पेन्शनर तेवढे उरले, मग त्यातलेही कमी होत गेले, आणि मोर्स येणारी तर ही एकटीच उरली. तरुण मुलं परवाना काढायची, महिनाभर यायची आणि मोबाइलमध्ये परत जायची. मंदा दमली होती. मला दिसत होतं. सकाळी सहालाच उठून ती स्वयंपाकघरात गरम पाण्याच्या गुळण्या करत उभी राहायची, कारण घसा धरायला लागला होता. "सोड की आता," मी म्हणायचो. "कोणाला देऊ?" ती म्हणायची, आणि मग हळूच, "शिवाय सर आहेत."

सर म्हणजे गोवंडे सरच. पेठेतलं घर सोडून ते आणि कुसुमताई कात्रजला फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. तिथे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताने लिहायला बसवलं तर कागदावर नुसत्या रेघोट्या. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका काढल्या त्याला पाणी मागता येईना. कुसुमताईंनी त्यांच्या पलंगाच्या कठड्याला रेडिओचा माईक नाडीने बांधून दिला. सकाळी सातला सेट लावून द्यायच्या आणि दूध आणायला, देवपूजेला आपल्या कामाला लागायच्या. डाव्या अंगठ्याने माईकचं बटण दाबता येत होतं तेवढंच.

म्हणून हजेरीच्या अगदी शेवटी मंदा म्हणायची, "आणि कात्रज?" मग खरखर दोनदा तुटायची. टक टक. ती म्हणायची, "मिळालं. नमस्कार." झालं. सरांना नावाने पुकारलं आणि त्यांना उत्तर देता आलं नाही, असं इतरांनी ऐकावं हे तिला नको होतं. त्या करड्या माणसाचा मान तिने अशा रीतीने राखला. कात्रजच्या त्या खोलीत बाहेरून येणारं एवढंच एक माणूस होतं.

मग मार्चमधल्या एका सकाळी हजेरी चालू असताना तिचा आवाज मध्येच फाटला. कापड फाटावं तसा. नंतर नुसती हवा. तिने पाणी पिऊन पुन्हा प्रयत्न केला, काहीच नाही. कात्रजपर्यंत ती पोचलीच नाही. त्याच दिवशी डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठी होत्या, लहानसं ऑपरेशन करावं लागलं. नंतर बजावलं, तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. मी मंडईतून एक पाटी आणली, लहान मुलांची, लाकडी चौकटीची. घरी आल्यावर तिने पाटीवर पहिला शब्द लिहिला, 'सुटले', आणि त्याखाली रेघ मारली.

खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. सातला चहा दोघांनी मिळून प्यायचा, हे मी नोकरीत असल्यापासून योजून ठेवलं होतं.

नेट घ्यायला केदार तयार झाला. केदार मांजरीला राहतो, उसाच्या शेतांच्या कडेला ज्या नव्या उंच इमारती आल्यात त्यांतल्या एकीत. आयटीतला मुलगा, परवाना ताजा, उत्साह भरपूर. तो घरी आला, मॅडमच्या पाया पडला आणि म्हणाला, "मॅडम, यू जस्ट रेस्ट. मी सगळं बघतो. ग्रुपवर टाकलंय मी ऑलरेडी, सगळ्यांना कळलंय." ग्रुपवर म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या. तिथे फुलांचे गुच्छ, जोडलेले हात, लवकर बरे व्हा, सगळं येऊन पडलं होतं. मंदाने डोळे पुसले.

तो गेल्यावर मी विचारलं, "गोवंडे सरांचं सांगायला नको का?" तिने लिहिलं, 'माहीत आहे त्याला. रोज ऐकतो.' मग तिने सेटची वायर काढून गुंडाळून ठेवली. लिहिलं, 'ऐकलं तर बोलावंसं वाटेल.' मी वाद घातला नाही. मुक्या माणसाशी वाद घालण्यात मजा नसते.

पण केदारला माहीत नव्हतं. ते नंतर कळलं. त्याला आणि बाकीच्यांना वाटायचं की मॅडम शेवटी 'कात्रज' म्हणतात ते डोंगरावरचा रिपीटर चालतोय का ते तपासण्यासाठी. रिपीटर म्हणजे सगळ्यांचे आवाज पकडून पुढे टाकणारं यंत्र. ते आहे कुठे, हेही अर्ध्या लोकांना धड ठाऊक नव्हतं, पण रेडिओवाल्याला टकटक ऐकू आली की आधी यंत्राची शंका येते, माणसाची नाही. तेव्हा केदारने पहिल्या दिवशी "आजपासून नेट मी घेतोय" एवढं सांगून झटपट हजेरी घेतली, कात्रज वगळलं आणि नेट बंद करायला गेला. तर टकटक सुरू झाली. दोनदा नव्हे. तुटक, अडखळत, लांबलचक.

"स्टेशन कॉलिंग, प्लीज आयडेंटिफाय," केदार म्हणाला. टकटक चालूच. दुसऱ्या दिवशी तीच. तिसऱ्या दिवशी लोक वैतागले. नाव न सांगता हवेत येणं हा आमच्याकडे, म्हणजे त्यांच्याकडे, मोठाच गुन्हा. कोणी म्हणालं, चोरटा आहे. कोणी म्हणालं, टॅक्सीवाले असतील. एकाने तर ठाम निदान केलं की कात्रजच्या सर्पोद्यानातला पहारेकरी वॉकीटॉकीशी खेळतोय.

आणि मग या मंडळींच्या अंगात आलं. संस्थेचा एक खेळ आहे, 'फॉक्स हंट'. कोणीतरी छोटा ट्रान्समीटर कुठेतरी लपवतो, तो कोल्हा. बाकीचे हातात अँटेना घेऊन, वळत वळत, आवाज कुठून जोरात येतो ते बघत त्याला शोधतात. वर्षातून एकदा तळजाईच्या टेकडीवर खेळतात आणि सकाळी फिरायला आलेल्या लोकांना घाबरवतात. केदारने ग्रुपवर जाहीर केलं, रविवारी खरा कोल्हा पकडू. हजेरीला जे महिनोन्महिने फिरकले नव्हते तेही टोप्या घालून हजर. ग्रुपवरचा तो मेसेज मंदाने पाहिला नाही. मी पाहिला होता, आणि खेळ चाललाय म्हणून पुढे सरकवला होता.

रविवारी केदार गाडीत बसून नेट लांबवत राहिला, म्हणजे टकटक चालू राहील. बाकीचे स्कूटरवरून स्वारगेट, बालाजीनगर, मग कात्रज दूध डेअरीच्या मागच्या गल्ल्यांत. तीन जण तीन दिशांनी एकाच इमारतीखाली आले. तिसऱ्या मजल्यावर दाराची बेल वाजवली. दार कुसुमताईंनी उघडलं. हातात अँटेना घेतलेली ती फौज पाहून त्या म्हणाल्या, "अगंबाई, संस्थेचे का? या ना, या. शेवटी आठवण झाली म्हणायची." आणि आत पोहे टाकायला गेल्या.

केदारचा मला फोन आला तेव्हा आम्ही चहा पीत होतो. त्याचा आवाज पडलेला होता. "काका, इथे एक आजोबा आहेत. गोवंडे. बेडवर आहेत. काका, तेच दाबतायत बटण. आम्हाला ना... काका, आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

मी मंदाकडे पाहिलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं. कप खाली ठेवला.

मागून कुसुमताईंचा आवाज येत होता. "अहो, काही दिवस झाले, धड जेवत नाहीत. सारखं ते बटण आणि सारखं ते बटण. बटण काढून घेतलं तर नखाने कठड्यावर टकटक. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं असेल, व्हायचंच. मी तरी काय करू?"

"केदार," मी म्हणालो, "फोन त्या कठड्याजवळ धर." स्पीकर चालू करून मी फोन टेबलावर ठेवला.

आधी फक्त घरातले आवाज. कढईत उलथनं. मग ती नखाची टकटक, मध्येच ओरखडा. थांबत, चुकत, पुन्हा मागे जाऊन. ते सगळे सभासद पलंगाभोवती उभे होते, सगळ्यांकडे परवाने होते, आणि एकालाही ती भाषा येत नव्हती. नव्या परीक्षेत मोर्स सक्तीचं राहिलेलं नाही. मंदाचं बोट टेबलाच्या काचेवर आपोआप हलायला लागलं, येणारं अक्षर न् अक्षर ते पकडत होतं. मग बोट थांबलं. तिने तोंडावर पदर धरला आणि रडली, आवाज न करता, कारण आवाज करायची मनाई होती. माणसाला धड रडताही येऊ नये, याचा मला त्या क्षणी डॉक्टरांवर भयंकर राग आला.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

तिने पाटी ओढली. 'एमडीआर. आणि प्रश्नचिन्ह. परत एमडीआर. परत प्रश्नचिन्ह.'

मला अजून कळेना. तिने खाली लिहिलं, 'मी आहे का, विचारतायत.'

त्यांनी तिचा आवाज फाटताना ऐकला होता. त्यानंतर ती नाही. बातमी साऱ्या पुण्याला दिली गेली ती व्हॉट्सअ‍ॅपवर. रेडिओवाल्यांच्या संस्थेने आपल्याच माणसाची खबर रेडिओवर सांगितली नाही, आणि ज्या एका माणसाला रेडिओशिवाय जग नव्हतं, तो रोज सकाळी शाबूत अंगठ्याने तिची चौकशी करत राहिला. लोक त्याला म्हणत राहिले, तुम्ही कोण ते सांगा. तो ते सांगत बसला नाही. त्याला हिचं विचारायचं होतं.

मंदा उठली. माळ्यावरचा डबा मला दाखवला. त्यात जुन्या साडीच्या तुकड्यात तिची पितळी पट्टी होती, सरांकडे शिकताना घेतलेली, आणि तिला जोडलेला छोटा बझर. मी वायर उलगडली, सेट लावला. केदारला म्हणालो, "सरांच्या उशाशी सेट चालू आहे ना? आता कोणी बोलू नका." मग मी माईकचं बटण दाबून माईक बझरसमोर धरला. परवाना तिचा, अंगठा माझा. ती पट्टीवर बोट ठेवून क्षणभर बसली, मुलगी परीक्षेला बसते तशी, आणि सुरुवात केली.

आमच्या टेबलावरची पिपाणी फोनमधून, कात्रजच्या त्या खोलीतून, मला पुन्हा ऐकू येत होती. तिने आधी आपली पूर्ण कॉलसाइन दिली, नियमाप्रमाणे. मग सरांची. मग आणखी काहीतरी लांब, ते मी तिला विचारलं नाही.

ती थांबली. मी बटण सोडलं. सेटमध्ये खरखर. मग ती दोनदा तुटली. टक टक.

फोनमध्ये कुसुमताई म्हणाल्या, "बघा हो, डोळे मिटून पडलेत कसे शांत. काय जादू केलीत?" मग त्यांनी सगळ्यांना पोहे वाढले असावेत, कारण बशांचा आवाज आला आणि केदारने फोन ठेवला.

मंदाने पाटी पुसून लिहिलं, 'मला वाटायचं, मी त्यांची हजेरी घेते.'

तिचा आवाज परत आलाय, पण घोगरा, दोन वाक्यं झाली की बसतो. नेट केदारच घेतो, आणि चांगलं घेतो. रविवारी दुपारी तो मांजरीहून धायरीला येतो, मंदाकडे मोर्स शिकायला, आणि उशीर झाला तर मी त्याला जिन्यातच सांगतो की क्षमा मागू नये, घरी जावं. ती दमलेली आहे, ते दमणं काही गेलेलं नाही. सकाळी उठवत नाही तिला. पण हजेरी संपता संपता केदार म्हणतो, "आणि कात्रज?" टक टक. "आणि धायरी?" मग ही पांघरुणातून हात काढते, माईक आता आमच्याही पलंगाला बांधलेला आहे, आणि दोनदा दाबते.

एखाद्या दिवशी तिचा डोळा लागलेला असतो. केदार "धायरी?" म्हणतो, ही उत्तर देत नाही. केदार थांबतो. मग कात्रजकडून ती टकटक येते, तुटक, अडखळत, लांबलचक. मला मोर्स येत नाही आणि या वयात येणारही नाही, पण तेवढं एक मी ओळखायला शिकलोय. मी हातातला कप ठेवतो आणि तिला हलवतो. "मंदा, ऊठ. सर विचारतायत."